चर्चेच्या बातमीशेजारी नकाशा पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रशिया-युक्रेनच्या वाटाघाटींची बातमी आली की तुमचा मथळा ठरलेला असतो, शांततेच्या आशा पल्लवित, आणि मग दोन दिवसांनी चर्चा फिसकटली. मधे नेमकं काय झालं ते कुठंच नसतं. लढाई एका पानावर, बोलणी दुसऱ्या पानावर, जसं काही एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की टेबलावर कोण काय बोलतंय ते त्या दिवशी फौजा कुठं उभ्या आहेत हे बघितल्याशिवाय कळत नाही.

2022 चंच बघा ना. 24 फेब्रुवारीला हल्ला झाला आणि पहिल्याच दिवशी रशियाने कीव्हच्या अगदी उशाला, होस्टोमेलच्या विमानतळावर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरवले. प्लॅन सरळ होता, धावपट्टी ताब्यात घ्यायची, मागून मोठ्या विमानांनी सैन्य आणायचं आणि राजधानी खिशात घालायची. पण युक्रेनच्या तोफांनी ती धावपट्टीच निकामी केली आणि तिथंच माशी शिंकली. चार दिवसांनी बेलारूसच्या हद्दीत पहिली बैठक झाली तेव्हा रशियाचा सूर काय होता? सैन्य मोडीत काढा, 2014 मध्ये घेतलेला क्रायमिया आमचा माना, पूर्वेकडच्या डोनेत्स्क लुहान्स्क प्रांतांवर पाणी सोडा. म्हणजे शरण याच की. तेव्हा त्यांना वाटत होतं कीव्ह आज नाही तर उद्या पडणार.

मग कीव्हच्या उत्तरेला तो साठेक किलोमीटर लांबीचा ताफा अडकला. डिझेल संपलेलं, रस्ता सोडून शेतात उतरावं तर चिखल, पूल उडवलेले, त्यात युक्रेनने बंधारा फोडून इर्पिन नदीचं पाणी पसरवलं त्यामुळे त्या बाजूने शहरात शिरायची सोयच राहिली नाही. आणि 29 मार्चला इस्तंबूलमध्ये रशियाचे उपसंरक्षणमंत्री फोमिन जाहीर करतात की परस्पर विश्वास वाढावा म्हणून आम्ही कीव्ह आणि चेर्निहिव्हकडच्या कारवाया एकदम कमी करतोय. काय मखलाशी आहे बघा! जिथं टिकणं शक्य नव्हतं तिथून निघाले आणि वर उपकार केल्याचा आव आणला. तेच सैन्य पुढे डोनबासकडे, म्हणजे त्याच डोनेत्स्क लुहान्स्कच्या भागाकडे वळवलं, एप्रिलमध्ये तिकडे नवीन आघाडी पेटली, आणि कीव्हजवळच्या बुचामध्ये मारलेल्या नागरिकांचे मृतदेह मागे ठेवून गेले होते ते सगळ्या जगाने पाहिलं.

आता व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड कायम फिरतो की इस्तंबूलचा करार झालाच होता, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन कीव्हला गेले आणि त्यांनी मोडला. जॉन्सन गेले होते हे खरं, 9 एप्रिलला. पण 15 एप्रिलचा मसुदा नंतर छापून आलाय, तो बघा. शांततेच्या काळात युक्रेनचं सैन्य किती असावं, रशिया म्हणतो 85 हजार, युक्रेन म्हणतो अडीच लाख. रणगाडे 342 की 800. क्षेपणास्त्रांचा पल्ला 40 किलोमीटर की 280. याला करार झाला म्हणतात होय? आणि खरं घोडं पेंड खात होतं ते सुरक्षेच्या हमीवर. उद्या परत हल्ला झाला तर हमी देणारे देश मदतीला येणार, पण रशियाला हवं होतं की सगळ्या हमीदारांनी आधी होकार द्यावा, आणि त्या हमीदारांत रशिया स्वतः! चोराच्याच हातात तिजोरीच्या किल्ल्या. 1994 मध्ये बुडापेस्टला रशियासकट बड्या देशांच्या नुसत्या आश्वासनांवर अण्वस्त्रं सोडून दिलेला देश आहे हा, 2015 मध्ये पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला मिन्स्कला ठरलेली शस्त्रसंधी लागू झाल्यावर तीन-चार दिवसात रशियाच्या बाजूच्या फौजांकडे डेबाल्त्सेव्ह शहर गमावलेला. तो असल्या कलमावर सही करेल कसा.

याचा अर्थ बोलणी बंद करा असं मी म्हणत नाहीये. जुलै 2022 मध्ये युक्रेनचं धान्य जहाजांनी बाहेर जाऊ देण्याचा करार झाला, दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रं पडली, तरी तो करार वर्षभर चालला आणि जहाजं गेली. मे 2025 मध्ये परत इस्तंबूलला बसले, युद्ध थांबलं नाही पण दोन्हीकडचे हजार हजार कैदी घरी आले. त्या घरांसाठी ते काही थोडं नाही. पण अशा बातम्या तुमच्याकडे आतल्या पानावर चार ओळीत आणि नेत्यांचे हस्तांदोलनाचे फोटो मात्र पहिल्या पानावर चार कॉलम.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या बैठकीची बातमी द्याल तेव्हा शेजारी एक छोटासा नकाशा टाका, आघाडी महिनाभरापूर्वी कुठे होती आणि आज कुठे आहे. आणि मसुद्यात हमी कोण देणार, ती कधी लागू होणार, हे एका चौकटीत द्या. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक