मुख्याध्यापकांना वर्गात नेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

बडोद्यातील आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकपदाची सूत्रे माझ्याकडे आली, तेव्हा शालेय नेतृत्वाविषयी मी बरेच वाचले होते. पण त्या वाचनाचा शाळेच्या रोजच्या कामाशी सांधा कसा जुळवायचा, हे आपण निवृत्तीनंतरच्या आपल्या शनिवारच्या दुपारी खर्ची घालून मला समजावून दिलेत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, असे मनापासून वाटते.

शालेय नेतृत्वाचे अभ्यासक हॅलिंजर आणि मर्फी यांनी १९८५ मध्ये मांडलेले अध्यापनकेंद्री नेतृत्वाचे प्रतिमान (मॉडेल) आपण आधी घेतलेत. शाळेचे ध्येय निश्चित करणे, अध्यापनाची घडी नीट बसवणे आणि शिकण्यास पोषक वातावरण जपणे, ही त्याची तीन अंगे सांगून होताच आपण माझे वेळापत्रक मागून घेतलेत. परिपत्रके, माहितीचे तक्ते, ऑनलाइन हजेरी आणि मध्यान्ह भोजनाच्या नोंदी यांनी ते भरलेले होते. आपण पेन्सिलीने सकाळच्या तासिकांभोवती चौकट काढलीत आणि शेजारी लिहिलेत : ‘या वेळेत कार्यालयात बसायचे नाही.’

नेतृत्वाचे अभ्यासक बर्न्स यांनी १९७८ मध्ये मांडलेला आणि बास यांनी पुढे नेलेला परिवर्तनकारी नेतृत्वाचा विचार मला अधिक भावत असे, कारण माणसांना ध्येयाने भारून टाकण्याची ताकद त्यात आहे. ती ताकद आपण नाकारली नाहीत. मात्र व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००८ चे संशोधन माझ्या हाती दिलेत. विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर परिवर्तनकारी नेतृत्वापेक्षा अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा परिणाम तीन ते चार पट दिसतो, आणि मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन स्वतःही त्यात सहभागी होतात तेव्हा तो सर्वाधिक असतो, हा त्यातील निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

त्याचा प्रत्यय चौथीच्या वर्गात आला. ६१२ ला ६ ने भागताना बरीच मुले १०२ ऐवजी १२ लिहीत होती. आपल्या सांगण्यावरून शिक्षकांची बैठक त्याच वर्गात घेतली, मीही मुलांच्या बाकावर बसले, आणि आमच्या तिसरीच्या बाईंनी शतक-दशक-एककांचे गठ्ठे मांडून दशकाच्या घरातला शून्य का लिहायचा, हे सर्वांना दाखवले. त्या तासाचे नेतृत्व त्यांचे होते. नेतृत्व एका पदात साठलेले नसून माणसे आणि परिस्थिती यांच्या परस्परव्यवहारातून घडते, हे शालेय नेतृत्वाचे अभ्यासक स्पिलेन यांचे म्हणणे मला तिथे खऱ्या अर्थाने उमगले.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदा संस्थानभर नेला. मूल शाळेपर्यंत आणण्याचे काम या भूमीत इतक्या आधी सुरू झाले, तर आलेले मूल शिकते की नाही हे पाहण्याची आपली जबाबदारी अधिकच मोठी, असे आपण म्हणाला होतात. हे वाक्य आमच्या शिक्षकांनाही मी सांगितले आहे.

आता आमचे शिक्षक दुसरीच्या मुलांच्या वाचनावर बैठक घेणार आहेत. विषय त्यांनीच निवडला आहे आणि आपण यावे, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी. बैठक त्याप्रमाणे ठेवू.

आपली कृतज्ञ,
एक मुख्याध्यापिका, बडोदे