ग्रंथालयांचे सर्व्हर अद्ययावत करताना पायरी गाळू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांची देवघेव आणि सूची 'कोहा' या मुक्त प्रणालीवर चालते आणि तिच्या मुळाशी सामान्यतः डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) असते. एकदा बसवलेला हा सर्व्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि कार्यप्रणालीच्या आवृत्तीचा आधार, म्हणजे तिला सुरक्षा सुधारणा मिळण्याची मुदत, संपत आला की एखाद्या सुट्टीच्या दिवशी घाईघाईने सर्व काही बदलण्याचा घाट घातला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ची दीर्घकालीन आधाराची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ ही आहे. त्यामुळे हा प्रश्न अनेक संस्थांचा आहे.

डेबियन ११ वरून थेट १३ वर जाता येत नाही. १२ वर थांबूनच पुढे जावे लागते. ही केवळ औपचारिकता नव्हे. मूळ निर्देशिकेतील (सर्वांत वरच्या फोल्डरमधील) 'बिन', 'लिब' यांसारख्या प्रणालीच्या निर्देशिका 'यूएसआर'मध्ये एकत्र करण्याचे काम १२ वर जाताना पुरे होते आणि १३ ते झालेलेच आहे असे धरून चालते. मधली पायरी गाळली, तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकू शकते. शिवाय १२ पासून मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी (यंत्राचे सुटे भाग चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरसाठी) डेबियनच्या सॉफ्टवेअर भांडारात स्वतंत्र विभाग झाला आहे. स्रोतांच्या यादीत तो जोडला नाही, तर फर्मवेअर जुनेच राहते. प्रयोगशाळेतील ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी तर १३ मध्ये कर्नलही (प्रणालीचा गाभाही) नाही आणि इन्स्टॉलरही नाही, तेव्हा त्यांचा विचार आधीच वेगळा करावा.

सर्वांत जास्त काळजी डेटाबेसची घ्यायला हवी. वीज अचानक गेल्यावर मारियाडीबी, म्हणजे कोहाचा डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर, आपल्या नोंदवहीच्या (लॉगच्या) आधारे स्वतःची दुरुस्ती करते. मात्र जुन्या आवृत्तीची ही अपुरी राहिलेली दुरुस्ती नवी आवृत्ती खात्रीने पूर्ण करू शकत नाही. म्हणून अद्ययावत करण्यापूर्वी ती सेवा रीतसर बंद झाली आहे हे तपासणे आवश्यक आहे आणि सर्व्हर यूपीएसवर असणेही तितकेच आवश्यक आहे. डेटाबेसची आणि संरचना फाइली असलेल्या 'ईटीसी' निर्देशिकेची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी, आणि तेवढ्यावर न थांबता ती प्रत एखाद्या रिकाम्या संगणकावर उतरवून सभासदांच्या व पुस्तकांच्या नोंदी खरोखर उघडतात का ते पाहावे. कित्येक ठिकाणी बॅकअप रोज घेतला जातो, पण तो कधीच उघडून पाहिलेला नसतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत चिंतेची बाब वाटते.

त्याच रिकाम्या संगणकावर संपूर्ण बदलाची रंगीत तालीमही करता येते. दूरवरून काम करायचे असल्यास ते सर्व्हरवरच सत्र चालू ठेवणाऱ्या 'टीमक्स'सारख्या साधनात करावे, म्हणजे इंटरनेट तुटले तरी चालू काम मध्येच मरत नाही. अपाचे या वेब सर्व्हरसारख्या सेवेची संरचना फाइल (सेटिंग्जची फाइल) बदलायची का, असे प्रणाली विचारते तेव्हा स्वतः केलेले बदल असलेली जुनी फाइल ठेवावी आणि नव्या फाइलशी तिची तुलना नंतर सवडीने करावी.

हे काम एकट्या ग्रंथपालावर किंवा संगणक विभागातील एखाद्या तरुण सहायकावर सोपवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. परीक्षा संपल्यानंतर आणि प्रवेशाची गर्दी सुरू होण्यापूर्वी ग्रंथालयाची संगणकीय सेवा काही दिवस बंद राहील, असे प्राचार्यांनी परिपत्रक काढून आधीच जाहीर करावे, आणि तालमीसाठी लागणाऱ्या जादा संगणकाची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात करावी, अशी माझी सर्व महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक व्यवस्थापक, सातारा