गॅरेजमधले खोके उघड, बायो

रत्नागिरी, १५ एप्रिल

चि. बायो,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, अजून एक हिवाळा काढू, मग बघू कुठे जायचं ते." मी नुसतं "हं" म्हटलं आणि मुलांची चौकशी करत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. तुझं ते "मग बघू" माझ्या चांगलं ओळखीचं आहे. मी ते अकरा वर्षं म्हटलं आहे. फोनवर हे सगळं सांगायला जमत नाही. तुझ्या-माझ्यात साडेतेरा तास. मी बोलते तेव्हा तू एक तर पेंगत असतेस, नाही तर डबे भरत असतेस. म्हणून पत्र लिहिते आहे. धाकटा झोपला की वाच.

१९८९ साली तुझ्या बाबांची चंद्रपूरच्या वीज केंद्रात नेमणूक झाली तेव्हा तू जेमतेम वर्षाची होतीस. ऊर्जानगरच्या वसाहतीत आम्हाला क्वार्टर मिळालं. रत्नागिरीहून आणलेली काळी ट्रंक मी पलंगाखाली सरकवली आणि तिचं कुलूप काढलंच नाही. दोन वर्षांत बदली होईल, मग पुढच्या घरात उघडू, असं म्हणत राहिले. त्यात लग्नातली समई होती, चांगली भांडी होती आणि माझ्या आजीने तुझ्यासाठी शिवलेली गोधडी होती. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जायचा. ऊन लागेल म्हणून तुला दुपारी बाहेर सोडायची नाही, हे ठीकच. पण संध्याकाळीही सोडायची नाही. शेजारणी अंगणात खाटा टाकून बसायच्या, मला हाका मारायच्या. त्यांची बोली कळत नाही असं मी म्हणायची. खरं म्हणजे मला ती शिकायचीच नव्हती. घरात माझं एकच पालुपद असायचं, "आमच्याकडे असं नसतं." ताडोबाचं जंगल इतकं जवळ, ते आपण पाहिलं अगदी शेवटच्या वर्षी.

२००० साली पोफळीला बदली झाली. ट्रक भरला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला आणि तू मागच्या पायरीवर बसून राहिलीस. बाबांनी हाताला धरलं तर हात झटकून म्हणालीस, "मले नाही यायचं." मले! अकरा वर्षांत तुझ्या तोंडचा तो सूर मी एकदाही ऐकला नव्हता. घरात तू माझ्यासाठी वेगळं बोलायचीस आणि दाराबाहेर पडलीस की वेगळं. मी तिथे पाहुणी म्हणून राहत होते, आणि तू मला न विचारता तिथली होऊन गेली होतीस. पोफळीला पोचल्यावर ट्रंक उघडली. गोधडीला कसर लागली होती. घडी उलगडायला गेले तर हातात चिंध्या आल्या.

हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ तुझ्या गॅरेजने आणली. तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा दिवाळीच्या पणत्या शोधायला मी तिथे गेले, तर भिंतीकडेला सात खोके, चिकटपट्टीसकट. एकावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं "नंतर". ते वाचून माझे पाय गारठले, थंडी तर होतीच. ऑगस्टमध्ये अलास्कात, अँकरेजला उतरलात आणि ऑक्टोबर संपत आला तरी खोके तसेच.

आणि मी तरी काय केलं? आले तुला मदत करायला, आणि पहिले दोन महिने तुझ्या घरात पुन्हा चंद्रपूरच मांडून बसले. "काय हा देश, काय ही थंडी, या परत." हे मुलांच्या देखत म्हणत होते, बायो. त्याबद्दल मी आज तुझी माफी मागते. आणि "या परत" हे माझे शब्द मी मागे घेते.

माझं मन फिरलं ते एका सकाळी. तुला आठवत असेल, तू बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेली होतीस, जावईबापू कामावर, तिकडे उत्तरेच्या तेलक्षेत्रात, स्लोपवर होते आणि थोरलीला शाळेसाठी तयार करायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर उणे पंधरा. मी ठरवूनच टाकलं होतं की आज पोर घरी राहील. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि जमिनीवर बसून स्वतःच सुरुवात केली. आधी लोकरी मोजे. मग ती फुगीर स्नोपँट, तिचे पट्टे खांद्यावर. मग बूट, आणि पँटचा खालचा घेर बुटावरून खाली ओढला, आत बर्फ जाऊ नये म्हणून. मग कानटोपी, मग कोट. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते आधी घातले तर चेन लावता येत नाही. हे मला तिने समजावलं! सहा वर्षांची पोर. "आजी, उणे दहा झालं तरच आम्हाला मधल्या सुट्टीत आत बसवतात. तेही फॅरनहाइट." मी नंतर हिशेब केला, उणे दहा फॅरनहाइट म्हणजे आपले उणे तेवीस. तोवर पोरं मैदानात बर्फ तुडवत असतात. त्या दिवशी ती परत आली तेव्हा गाल लालबुंद आणि भूक अशी की तीन पोळ्या खाल्ल्या. घरात कोंडलेली मीच तेवढी गारठले होते.

दुसऱ्या आठवड्यात अंगणात मूस आली, तिकडचं ते दांडगं हरीण. घोड्याएवढं धूड, पाय काठ्यांसारखे, शांतपणे तुमच्या झाडाची फांदी खात उभी. मी मोबाइल घेऊन दाराशी निघाले तर थोरलीने माझा पदर धरला. "अस्वल आलं तर पळायचं नाही, मूस अंगावर आली तर पळायचं आणि झाडामागे जायचं. आणि पिल्लू असलं तर जवळ जायचंच नाही." लहानपणी मी तुला फुरसं कसं ओळखायचं ते शिकवलं होतं ना, तसंच मला ते वाटलं. ज्या मातीत वाढायचं तिथलं भय आणि तिथली रीत पोरांना आधी कळते. तुझी थोरली तिथली होत चालली आहे. फक्त तिला घरी येऊन ते लपवावं लागू नये, एवढंच माझं तुझ्याकडे मागणं आहे.

अंधाराचं मी हलक्यात घेत नाही. डिसेंबरात सव्वादहाला उगवणारा आणि पावणेचारच्या आत मावळणारा सूर्य मी पाहिला आहे. भरदुपारीही तो डोंगराच्या खांद्याएवढाच वर येतो. थोरली शाळेतून येते न येते तोच आम्ही दिवा लावून शुभंकरोति म्हणायचो. पहिल्यांदा मला रडू आलं होतं, नंतर त्याचीच वाट पाहायला लागले. जावईबापू तर त्याहून वर, प्रूडो बेला. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. ते दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. त्यांच्या माघारी तू एकटी दोन पोरांना सांभाळतेस, रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. मला ऐकू यायचं. पुढच्या हिवाळ्यात तसं करायचं नाही. तो दहा हजार लक्सचा दिवा सप्टेंबरातच काढ, कपाटावर ठेवू नकोस, चहा पिताना रोज सकाळी अर्धा तास समोर ठेव. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांना विचारून मुलांना चालू ठेव. आणि तरीही मन उठेना तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. यात लाजण्यासारखं काही नाही. चंद्रपूरला मलाही तेच झालं होतं. उजेड भरपूर होता, पण सांगणार कोणाला?

समोरच्या फिलिपिनो मावशींना धरून राहा. तीस वर्षं झाली त्यांना तिथे. भात, मासे आणि नारळाचं दूध, म्हणजे आपल्यापेक्षा वेगळं ते काय! मला इंग्रजी बेताचं, त्यांचं माझ्यासाठी जरा भरभर. तरी सुक्या मासळीचा वास आला आणि आमचं जमलं. त्यांनी एकच सांगितलं होतं: रोज बाहेर पड, काम नसलं तरी पड.

त्यांनीच आपल्याला मार्चच्या पहिल्या शनिवारी फोर्थ अव्हेन्यूला नेलं, इडिटारॉडचे, म्हणजे कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतीचे, कुत्रे बघायला. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ उपसणारी माणसं त्या दिवशी ट्रकने बर्फ आणून रस्त्यावर पसरतात, हे पाहून मला गंमत वाटली. कुत्र्यांच्या पायात रंगीत मोजे, सुटायच्या आधी कल्ला. थोरली माझ्या कमरेला बिलगून शाळेत ऐकलेली गोष्ट सांगायला लागली. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्याच दूरच्या नोम गावात मुलांना घटसर्प झाला. औषध अँकरेजच्या रेल्वेच्या दवाखान्यात सापडलं. रेल्वेने नेनानापर्यंत नेलं, पुढे रस्ता नाही, म्हणून वीसेक माणसांनी कुत्र्यांच्या गाड्या एकमेकांच्या हाती देत ६७४ मैल साडेपाच दिवसांत पार केले. घटसर्प हा शब्द तिला येत नव्हता. ती डिप्थीरिया म्हणाली. मला तो येतो. माझा थोरला भाऊ त्याच दुखण्याने गेला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. माझ्या आईने जन्मभर सांगितलेली एकच गोष्ट: औषध चिपळूणला होतं, आणि होडी मिळाली नाही. त्या गर्दीत मी तोंडाला पदर लावून उभी होते, तुला वाटलं थंडी वाजते आहे. ज्या गावाने परक्या पोरांसाठी असं केलं, आणि शंभर वर्षं झाली तरी आपल्या पोरांना ते सांगतं, त्या गावाला मी नावं ठेवत होते.

अँकरेजजवळच्या पामर गावाला जाताना जावईबापूंनी सांगितलेलंही मनात राहिलं आहे. १९३५ मध्ये मंदीत बुडालेली २०३ शेतकरी कुटुंबं सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनहून त्या खोऱ्यात आणली. कडेवर पोरं, राहायला तंबू. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त निघून गेली. जी गेली त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाचं आपापलं कारण असतं. तुलाही कधी खरंच जावंसं वाटलं तर जा, मी उभी राहीन तुझ्यामागे. पण जाईपर्यंत तिथे राहा. अर्धं सामान बांधून राहू नकोस.

आणखी एक. केनाई नदीच्या मुखाशी जुलैत लांब दांड्याच्या जाळ्याने सामन मासे धरतात, ते फक्त तिथल्या रहिवाशांनाच, असं जावईबापूंनी नियम वाचून दाखवला होता. बारा महिने राहिलेलं असावं लागतं, आणि पुढेही तिथेच राहण्याचा इरादा असावा लागतो. इरादा! सरकारी कागदात मी हा शब्द असा पहिल्यांदाच ऐकला. यंदा तुमचे बारा महिने भरत नाहीत. पुढच्या वर्षी १० जुलैला हंगाम सुरू होईल तेव्हा भरलेले असतील. घरातल्या कर्त्याला पंचवीस आणि बाकीच्या प्रत्येकी दहा, म्हणजे तुम्हा चौघांना पंचावन्न मासे. मी तेव्हा येते आहे. फ्रीझर मोठा घ्या.

त्याआधी खोके उघड. आता तिकडे ब्रेकअप, म्हणजे बर्फ वितळायचा मोसम, सुरू असेल, सगळीकडे चिखल आणि वितळलेलं पाणी. बाहेर जाववत नाही अशा एखाद्या शनिवारी थोरलीच्या हातात कात्री दे. "नंतर" लिहिलेल्या खोक्यात मी तिच्यासाठी शिवलेली गोधडी आहे, हे मला माहीत आहे, कारण तू निघालीस तेव्हा मीच ती भरली होती. ती तिच्या पलंगावर घाल. मळली तर मळू दे.

धाकट्याला आणि थोरलीला पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या मैत्रिणीच्या हाती तिरफळं आणि आमसुलं पाठवते आहे. तिरफळं वाटू नकोस, नुसती ठेचून रश्शात सोड, आणि त्यातली बी काढून टाक, नाही तर कडू लागतं. मावशींनाही थोडी दे.