पंचांची फळी तालुक्यातच उभी राहावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुगी आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गावोगावी स्पर्धांना जोर येतो. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, खो-खो, जत्रेतल्या कुस्त्या. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होऊ लागले, मोबाइलवर थेट प्रक्षेपणही दिसते. मंडळे महिनाभर राबतात आणि पंचांची आठवण मात्र आदल्या रात्री होते. ‘सर, उद्या जरा येता काय?’ असा फोन जातो. कुणी मिळाले नाही तर नुकत्याच हरलेल्या संघातला एखादा खेळाडू पुढच्या सामन्याला पंच म्हणून उभा केला जातो. मग धावबादच्या एका निर्णयावर तासभर खेळ बंद पडतो, एखादा संघ मैदान सोडून जातो आणि दोन गावांत वर्षभर बोलणे राहत नाही.

शाळेत खेळ शिकवताना अनेक मुलांना मी शिट्टी हातात घ्यायला लावली. त्यांतली काही खरोखर उत्तम पंच झाली असती. नजर चांगली, नियम पाठ, आवाज खणखणीत. पण पहिल्याच हंगामात आई-बहिणीवरून शिव्या ऐकल्या, कुणाची गाडी अडवली गेली आणि त्यांनी हे काम सोडले. वीस वर्षांच्या पोराने दोनशे लोकांच्या घोळक्यात एकट्याने उभे राहायचे आणि आयोजकांनी मांडवात बसून बघायचे, हे मला अजिबात पटत नाही.

२०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पराभूत मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, कारण बंदी घालणारी संघटना तिथे होती. आपल्या गावठी स्पर्धांत पंचावर हात उचलणारा पुढच्या रविवारी शेजारच्या गावात खेळताना दिसतो. एका मंडळाने बाहेर काढलेला खेळाडू दुसऱ्या मंडळानेही त्या हंगामात घ्यायचा नाही, एवढे तालुक्यातल्या मंडळांनी एकत्र बसून ठरवले तरी निम्मा दंगा थांबेल. युरो २०२४ फुटबॉल स्पर्धेत निर्णयाबाबत पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे, असे ठरवून दिले होते. ही शिस्त आणायला ना पैसा लागतो ना यंत्र. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना बजावून सांगायचे आणि पाळले नाही तर खेळाडूला बाहेर बसवायचे.

पंचांचेही चुकते, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी खेळलो, म्हणून आता पंच, एवढ्यावर भागत नाही. लाल मातीतली निकाली कुस्ती साऱ्या मैदानाच्या डोळ्यांदेखत चितपट होते. मॅटवर रेफरी, जज आणि मॅट चेअरमन या तिघांपैकी दोघांचे मत जुळल्याशिवाय गुण मिळत नाही, आणि प्रशिक्षकाने निर्णयाला दिलेले आव्हान फसले तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. कबड्डीत बचावाला सहा किंवा अधिक गडी असतील तरच बोनस. असे बारकावे दर हंगामाआधी वाचावे लागतात. नियम जाणणारा माणूस नसला की काय होते, ते कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारतीय पथकातले कुणी हजर नव्हते. जपानच्या इशीशी झुंजून दमलेले खाशाबा लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभे राहिले आणि हरले. कांस्यपदक मिळाले, पण ती हुरहूर राहिलीच.

सीमाभागाची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडे संघ कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, गोवा, धारवाड असे सगळीकडून येतात, पण संघटना राज्यवार आहेत. बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणि बेंगळुरू पाचशेवर. मराठी शाळेत शिकलेल्या खेड्यातल्या मुलाने पंच परीक्षेच्या वाटेला जावे कसे? जिल्हा संघटनांनी तालुक्याच्या ठिकाणी, शाळांच्या सुटीत, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतून वर्ग घ्यावेत. लग्नानंतर खेळ सुटलेल्या कबड्डी-खो-खोच्या मुलींना त्यात आवर्जून बोलवावे. नव्या पंचाला पहिले वर्षभर जुन्याच्या जोडीनेच उभे करावे आणि सामना संपल्यावर दोघांनी बसून झालेल्या चुका बोलाव्यात. ज्येष्ठांनी हे मनावर घेतले तर वर्गापेक्षाही जास्त पंच यातूनच घडतील, असा माझा अनुभव आहे.

यजमान गावचा पंच नको, हेही एकदा ठरून जाऊ द्या. पंच कितीही सचोटीचा असला तरी पाहुण्या संघाच्या मनातला संशय जात नाही. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले, ते याच कारणाने. खानापूरच्या पंचांनी निपाणीत जावे, निपाणीच्यांनी बेळगावात यावे. जाण्यायेण्याचा खर्च आणि ठरलेले मानधन सामन्याआधी हातात द्यावे. लाखाचे बक्षीस लावणाऱ्या मंडळाने पंचाची नारळ आणि शालीवर बोळवण करणे बरे दिसत नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. क्रीडा पानावर स्थानिक स्पर्धांचे निकाल येतात, त्यात विजेते, उपविजेते, सामनावीर आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची भली मोठी यादी असते. त्या बातमीत पंच आणि गुणलेखकांची नावेही एका ओळीत छापावीत. मंडळांकडून बातमी घेतानाच ती नावे मागून घेतलीत, तर पंच कोण हे आयोजकांना आधी ठरवावे लागेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव