काच बदलली, कॅमेऱ्याचे काय? रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

स. न. वि. वि.

चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, त्यामुळे चालकांच्या पोटावर पाय येईल, असे आपण डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलेत. ही काळजी आम्हाला मोलाची वाटते. पण निम्मे काम स्वतः करणारी गाडी रस्त्यावर आलेलीच आहे. लेन सांभाळणारी, वेळ आली तर आपणहून ब्रेक मारणारी ‘एडास’ (ADAS, चालकाला मदत करणारी) यंत्रणा मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळते. बस-ट्रकवर ती सक्तीची करण्याचा मसुदा आपल्याच मंत्रालयाने २०२५ मध्ये काढला.

या यंत्रणेचा डोळा म्हणजे आरशामागे पुढच्या काचेला लावलेला कॅमेरा. दगड उडून काच तडकते, गॅरेजवाला नवी बसवतो, कॅमेरा पुन्हा अडकवतो आणि गाडी देऊन टाकतो. कॅमेरा एक अंश जरी बाजूला फिरला, तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. महामार्गाची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन चुकली! मग शेजारून जाणारा ट्रक समोरच आहे असे समजून गाडी करकचून ब्रेक मारते, नाहीतर समोरची दुचाकी तिच्या हिशेबातच येत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही.

म्हणून काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, हवेच. सपाट जमीन, टायरांत ठरलेली हवा, तपासलेले चाकांचे अलाइनमेंट, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर कॅमेऱ्याला दाखवायचा नक्षीचा फलक आणि गाडीच्या संगणकाशी जोडायचा स्कॅनर, एवढे लागते. काही गाड्या त्यानंतर ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवूनही पाहाव्या लागतात. काचेच्या विमा दाव्यात हा खर्च धरणे सक्तीचे करावे आणि छापील अहवाल ग्राहकाला द्यावा.

दुसरी गोष्ट गाडीच्या संगणकात साठणाऱ्या नोंदींची. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपे येथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवले. यंत्रणेने तिला ५.६ सेकंद आधी हेरले होते. पण कधी वाहन, कधी सायकल अशी ओळख बदलत राहिली, दर वेळी आधीचा माग पुसला गेला आणि ती कुठे चालली आहे हे यंत्राला कळलेच नाही. गाडीचा मूळ आपत्कालीन ब्रेकही तेव्हा बंद ठेवलेला होता. हे उघड झाले ते गाडीतल्या नोंदींमुळे. तरीही शिक्षा झाली ती स्टिअरिंगमागे बसलेल्या कर्मचारी महिलेला.

आपल्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे जातो. त्यात वेगळा रकाना हवा: शेवटच्या ३० सेकंदांत यंत्रणा चालू होती का, इशारा कधी दिला, ब्रेक माणसाने दाबला की यंत्राने. गाडी गॅरेजात गेली, मॉड्यूल (यंत्रणेचा संगणक-भाग) बदलले, फॉल्ट (बिघाडाच्या नोंदी) पुसले, की पुरावा संपला. म्हणून आरटीओ निरीक्षकाने नोंद उतरवून घेईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नये. त्या नोंदीची प्रत मालकाइतकीच चालकालाही मिळावी. बस-ट्रकचा चालक बहुधा पगारी माणूस असतो. गाडी त्याची नसते आणि स्कॅनरही त्याच्या हाती नसतो.

आपले,
वाहन-इलेक्ट्रॉनिक्स आणि दुरुस्तीच्या कामातील तंत्रज्ञ