नोकरदार आईला दूध काढायला जागा आणि वेळ द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात स्तनपान सप्ताह पाळला जातो, आरोग्य विभागाची पत्रके निघतात, वर्तमानपत्रांत तज्ज्ञांचे लेख येतात आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पुढे वरच्या आहारासोबत किमान दोन वर्षांपर्यंत ते चालू ठेवावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पुन्हा एकदा सर्वांना सांगितला जातो. सल्ला योग्यच आहे. मात्र बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झालेल्या आईने दिवसाचे नऊ-दहा तास घराबाहेर राहून तो कसा पाळावा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका असून भुसावळला राहते. माझी सून जळगावात एका खासगी कार्यालयात नोकरी करते आणि ती कामावर गेली की नातवाला पाजण्याचे काम माझ्याकडे असते.

प्रथम रजेचा हिशेब. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते आणि तीपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे जिला ते आठही आठवडे आधीच घ्यावे लागतात, तिच्या हाती नंतर १८ आठवडेच उरतात, म्हणजे ती कामावर हजर होते तेव्हा बाळाला नुकताच चौथा महिना पूर्ण झालेला असतो. या वयात त्याला वरचे पाणीसुद्धा द्यायचे नसते. मग एक तर वरचे दूध सुरू करायचे, नाही तर आईने अंगावरचे दूध काढून ठेवायचे.

सकाळी निघताना दूध काढून ठेवले की काम भागले, असा पुष्कळांचा समज असतो आणि तो दुर्दैवाने अनेक वरिष्ठांचाही असतो. दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढते किंवा आई जितके काढते, तितके पुन्हा येते. दर तीन तासांनी पिणारे बाळ जवळ नसेल तर त्याच सुमारास दूध काढावेच लागते. तसे केले नाही तर पान्हा दाटतो, छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कधी ताप भरतो, आणि असे वारंवार होत राहिले की शरीर आपोआप दूध कमी करते. ‘नोकरी सुरू झाली आणि दूध आटले’ असे बायका सांगतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. काहींना पंप सोयीचा वाटतो. पण हात स्वच्छ धुऊन, अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या जरा मागे ठेवून, आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबत हातानेही दूध उत्तम काढता येते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही. लागते ती आडोशाची जागा आणि वीसेक मिनिटे.

साठवणुकीबाबत आपल्या खानदेशची अडचण वेगळी आहे. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते असे जे सांगितले जाते, ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला धरून आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा बाहेर ठेवण्याचा विचारच करू नये. दूध काढल्याबरोबर ते फ्रीजमध्ये, दरवाजाच्या कप्प्यात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवावे, तिथे ते चार दिवस चांगले राहते. कार्यालयात फ्रीज नसेल तर गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेला बंद थर्मासचा डबा चालतो, त्यात २४ तासांपर्यंत दूध टिकते. माझी सून असाच डबा घेऊन भर उन्हात घरी येते आणि डबा उघडला की आतली बाटली हाताला गार लागते.

घरच्या मंडळींसाठीही दोन शब्द लिहिते, कारण पुष्कळ ठिकाणी हे दूध घरातच वाया जाते. फ्रीजमधल्या दुधावर सायीचा थर जमतो आणि खाली निळसर पातळ दूध दिसते. आमच्या शेजारच्या बाईंनी ते पाहून ‘अहो, हे नासलं, फेका’ असे सांगितले होते. ते नासलेले नसते. बाटली कोमट पाण्यात धरून हलकेच फिरवली की दूध एकजीव होते. ते गॅसवर उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही तापवू नये, आणि बाळाचे उष्टे राहिलेले दोन तासांपलीकडे ठेवू नये. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. धुवायला सोपे पडते आणि बाळाला रबरी बोंडीची सवय लागत नाही. उन्हातून आलेल्या आईचे दूध ‘तापलेले’ असते म्हणून तिला तासभर पाजू न देणाऱ्या सासवा अजून आहेत. त्यांनी त्या माउलीला पाणी द्यावे आणि बाळ मांडीवर द्यावे.

आता कार्यालयांविषयी. सुनेला दूध काढण्यासाठी मिळालेली जागा म्हणजे जुन्या फायलींची खोली आहे. तिच्या दाराला कडी नाही, म्हणून एक सहकारी मैत्रीण बाहेर उभी राहते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. परंतु ही तरतूद बाळ जवळपास आहे असे गृहीत धरते. बाळ भुसावळला आणि आई जळगावला असेल, तर ‘बाळ कुठे आहे तुमचं?’ असे विचारून सुट्टी नाकारता येते, आणि सुनेच्या बाबतीत तसे विचारलेही गेले. दूध काढण्यासाठीचा वेळ या सुट्टीतच धरावा, असे शासनाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि हे सर्व लाभ नेमणुकीच्या वेळीच महिलेला लेखी कळवणेही २०१७ च्या दुरुस्तीने मालकाचे कर्तव्य ठरवले. असे पत्र हाती पडलेली बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, पण मी पाहिलेल्यांपैकी काही कुलूपबंद होते. जिचे नाव आपण या खोल्यांना दिले, त्या हिरकणीचे तान्हे बाळ घरी होते आणि ती कामासाठी गडावर गेली होती. तरीही मांडीवर बाळ नसलेल्या बाईला या कक्षात दूध काढायला बसू द्यावे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बायांना तर रजाही नाही आणि कक्षही नाही. त्यांचे प्रश्न स्वतंत्र पत्राचे आहेत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कामगार अधिकाऱ्यांनी औद्योगिक वसाहती, बँका, खासगी शाळा आणि रुग्णालये यांची तपासणी करावी आणि कडी असलेली खोली, हात धुण्याची सोय, एक खुर्ची आणि छोटा फ्रीज एवढे तरी आहे की नाही ते पाहावे. आपल्या वार्ताहरांनीही पाळणाघराचा नियम कुठे पाळला जातो याची पाहणी करून ती प्रसिद्ध करावी, ही विनंती. तिची सुरुवात आपल्याच कार्यालयापासून केली तरी वाचकांना ते वावगे वाटणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, भुसावळ