ललितागौरीच्या कॅसेटबद्दल, मुलुंडच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

परवा फोनवर मला नीट बोलताच आलं नाही. तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात आणि मीही गप्प बसले, पण हे बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाबांची ती कॅसेट तुम्ही वाचवलीत. ऐंशीच्या दशकातली, दादरच्या एका घरगुती मैफलीतली, गायक मल्लिकार्जुन मन्सूर. बाबा बँकेत कारकून होते, गाणं कधी शिकले नाहीत, पण गिरगाव ते पार्ला कुठे गाणं आहे कळलं की ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन तसेच जायचे आणि मागे भिंतीला टेकून बसायचे. ती कॅसेट त्यांना कुणी कॉपी करून दिली होती. आतल्या कार्डावर त्यांनी निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मन्सूर, दादर, ललितागौरी?' ललितागौरी म्हणजे राग, आणि पुढे प्रश्नचिन्ह, कारण आपल्याला नक्की कळलंय असं ते कशाबद्दलच छातीठोक म्हणायचे नाहीत.

बाबा गेल्यावर ती कॅसेट मी किती ठिकाणी फिरवली ते काका तुम्हाला माहितीये. एका दुकानात सांगितलं बुरशी लागलीय, फेकून द्या. एका स्टुडिओने भरपूर पैसे घेऊन सीडी दिली आणि लावली तर त्यात तंबोराच नाही! खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावलं म्हणे. आता एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर असं त्या मशीनला वाटणारच, तंबोरा एकसारखाच वाजतो ना, पण मशीन चालवणाऱ्या माणसाला कान नकोत? मन्सूरांचा आवाज तंबोऱ्याशिवाय नुसता पोकळीत लटकत होता, मला ऐकवेना.

पण खरा राग मला दुसऱ्याच माणसाचा आहे. दादरचे एक मोठे संग्राहक आहेत, त्यांच्याकडे मन्सूरांची बरीच खासगी ध्वनिमुद्रणं आहेत. मी फक्त राग ताडून बघायला गेले होते, कॉपी मागायला सुद्धा नाही. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं, कार्ड बघितलं आणि हसले. म्हणाले, हा पूर्वी राग आहे, कारकुनाला ललितागौरी कुठून कळणार. माझ्यासमोर म्हणाले हे. मी उठून आले. घरी येऊन आईला सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही.

नंतर आमच्या पार्ल्याच्या, गाणं ऐकायला जमणाऱ्या मंडळींत नेहमीप्रमाणे सध्या कोण काय ऐकतंय ते चाललं होतं, कुणी अमीर खाँसाहेबांच्या मारव्यात अडकलेलं, कुणी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' रोज झोपताना लावणारं, एक जण किशोरीताईंच्या 'सहेला रे'मधून कित्येक वर्षं बाहेरच आलेला नाही. मी बोलता बोलता कॅसेटचं सांगितलं आणि कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही मला ओळखत नव्हता. तरी पहिल्या फोनवर "घेऊन ये, आधी चहा पिऊ" म्हणालात.

तुम्ही काय काय केलंत त्यातलं मला निम्मंच समजलं. कॅसेट उघडून टेप दुसऱ्या खोक्यात घातलीत, बुरशी पुसलीत, आणि मूळ मशीन हळू पळत होतं म्हणून सूर वर चढलाय हे ओळखून वेग जागेवर आणलात. मागे जी विजेची बारीक घूं घूं येतेय ती 50 हर्ट्झची असायला हवी, तिच्यावरून हिशेब लागतो म्हणालात, हे ऐकून मी थक्कच झाले. खरखर मात्र बरीचशी राहू दिलीत. तंबोरा आहे. गाण्याआधीचं जुळवणं आहे, खोकणारी माणसं आहेत, पहिली बाजू संपते तिथे तान मधेच तुटते ती तशीच तुटते.

पण काका, मी हे सगळं लिहितेय ते खरं तर कार्डासाठी. डबी परत देताना तुम्ही काही बोलला नाहीत, मी मुलुंड स्टेशनवर गाडीची वाट बघताना सहज उघडून बघितली. बाबांच्या प्रश्नचिन्हाला हात न लावता, त्यांच्या ओळीखाली, पेन्सिलीने, त्यांच्यापेक्षाही लहान अक्षरात तुम्ही लिहिलं होतं, 'होय, ललितागौरीच. प्रीतम सैंया. कान पक्का.' 'प्रीतम सैंया' ही त्या रागातली बंदिश. मी समोर आलेली गाडी सोडली, तशा अवस्थेत डब्यात चढणं शक्य नव्हतं.

तुम्हाला त्या दादरच्या गृहस्थांचं मी काहीच सांगितलं नव्हतं. नंतर फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत, की पूर्वीत शुद्ध मध्यम येतो तो दोन गंधारांच्या मधे, म्हणजे ग-म-ग असा, आणि इथे दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात, ते ललित रागाचं अंग, ते ऐकू आलं की पूर्वी म्हणायचा प्रश्नच नाही. आणि म्हणालात, मागच्या रांगेत बसून हे ज्याने पकडलं तो माणूस मला भेटायला हवा होता. बाबांबद्दल असं आजवर कुणीच बोललं नव्हतं काका. घरात सगळ्यांना त्यांचं गाणं म्हणजे पगारातून जाणारे पैसे आणि रात्री उशिरा वाजणारी बेल एवढंच वाटायचं.

आपल्याकडे गाण्यातली मोठी माणसं पुष्कळ झाली, पण ऐकणाऱ्यांमधे तुमच्यासारखी माणसं फार कमी. ज्याच्याकडे दुर्मिळ काही असतं तो ते कपाटात कोंडून ठेवतो आणि फक्त नाव सांगून समोरच्याला जळवतो, हे मी खूप बघितलंय. गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवली, जो कोणी असेल त्याने ऐकावी म्हणून, आणि इथे दादरहून पार्ल्याला एक कॉपी जात नाही, याचा मला खरंच संताप येतो. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यापलीकडचं त्या पिढीचं जे गाणं आपल्याला ऐकायला मिळतं, सलग, फुललेलं, त्यातलं कितीतरी कुणीतरी मैफलीत मशीन लावलं, कुणीतरी जपलं आणि कुणीतरी दुसऱ्याला दिलं म्हणून मिळतं. तुम्ही देणाऱ्यांतले आहात. पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, आणि वर केसरबाईंच्या नट कामोद रागाची कॉपी माझ्या हातात ठेवलीत, "हे ऐक आणि काय वाटलं ते सांग" म्हणून. ऐकतेय. त्यातलं 'नेवर बाजो रे' सध्या रोज सकाळी चालू असतं, त्या दमसासापुढे काय बोलायचं ते सुचलं की फोन करते.

बाबांची ललितागौरी ज्याला हवी त्याने माझ्याकडे मागावी, मी देणार आहे, तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हीही तेच म्हणालात. येत्या रविवारी पार्ल्याला गाणं लावायची माझी पाळी आहे आणि मी तीच लावणार आहे, दोन्ही बाजू, मधे न थांबवता. गुडघ्यांमुळे तुम्ही हल्ली कुठे जात नाही हे माहितीये. तरी या. लिफ्ट दुरुस्त झालीये, मी वॉचमनला विचारून खात्री करून घेतलीये, आणि मुलुंडहून आणायला-सोडायला गाडी घेऊन मी स्वतः येते. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
पार्ल्याच्या मंडळींतली एक